‘आम्ही अजून काय द्यायचं?’ : कामगार डोकं का लावत नाहीत, याचं सविस्तर उत्तर

भोसरीतल्या एका उद्योजक ताईंचा प्रश्न आहे. वडिलांनी उभा केलेला मशिनिंगचा, म्हणजे धातू कापून-कोरून सुटे भाग बनवण्याचा, कारखाना त्या चालवतात. सत्तरेक माणसं, त्यातली निम्मी कंत्राटी, आणि वरच्या मजल्यावर आठ इंजिनिअरांचा डिझाइन विभाग. पगार आजूबाजूच्या मानाने बरा आणि वेळेवर. वाढदिवसाला केक, वर्षातून एक सहल, ‘महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी’ म्हणून भिंतीवर फोटो, दाराशी सूचनापेटी. तरी पेटी रिकामी असते, माणसं सांगितलं तेवढंच करतात आणि वर्षभरात चांगली तीन पोरं चाकणच्या कारखान्यांत गेली. त्या विचारतात, “आम्ही अजून काय द्यायचं?”

ताई, तुमच्या यादीत एक गोष्ट कुठेच नाही, ती म्हणजे ही माणसं आठ तास प्रत्यक्ष करतात ते काम. केक, सहल, फोटो हे सगळं कामाच्या भोवतीचं आहे. ते असावं, बंद करू नका. पण कामातलं समाधान आणि कामात डोकं लावण्याची इच्छा कामाच्या आतूनच येते. मी आधी शॉप फ्लोअरवर होतो, नंतर औद्योगिक अभियांत्रिकीत, आणि आता बरीच वर्षं लहान-मध्यम कारखान्यांना कामाची रचना बसवून देतो. एवढ्या काळात माझं एक मत पक्कं झालं आहे. आपल्या कामाचा निकाल माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो आणि तो निकाल बदलायची मुभाही त्याच्याच हातात असते, तेव्हा तो डोकं लावतो. यातलं एक असून दुसरं नसेल तर उपयोग होत नाही.

पगाराबद्दल आधीच बोलून घेतो, म्हणजे गैरसमज राहणार नाही. बाजारापेक्षा पगार कमी असेल, ओव्हरटाइमचे पैसे अडकत असतील, पीएफ भरला जात नसेल, तर पुढचं काहीही वाचू नका. आधी ते नीट करा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये पिट्सबर्ग परिसरातल्या दोनेकशे इंजिनिअर आणि हिशेबनीसांशी बोलून मांडलं होतं, की माणसं वैतागतात त्याची कारणं वेगळी आणि खूश होतात त्याची वेगळी. पगार, धोरणं, वरिष्ठांची वागणूक बिघडली की माणूस चिडतो; ती सुधारली की चिडणं थांबतं, एवढंच. उत्साह येतो तो काम जमल्याने, त्याची दखल घेतल्याने, जबाबदारी मिळाल्याने. हर्झबर्ग यांच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली आणि तिच्यात तथ्य आहे, पण कारखान्यात मला हे रोज दिसतं. तुमच्याकडे चिडायची कारणं तुम्ही बरीचशी काढून टाकली आहेत. दुसरी बाजू मात्र अजून सुरूच झालेली नाही.

कामाच्या आत नेमकं काय बघायचं, हे रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी १९७० च्या दशकात पाच प्रश्नांत बसवलं. कामात किती प्रकारची कौशल्यं लागतात? काम अख्खं हातून होतं की नुसता तुकडा? त्याचा कोणाला काय उपयोग होतो, हे करणाऱ्याला माहीत आहे का? ते कसं करायचं हे ठरवायची मोकळीक किती? आणि आपण केलेलं बरोबर झालं की चुकलं, हे कामातूनच कळतं का? त्यांच्या सूत्रात पहिल्या तिन्हींची सरासरी काढतात आणि तिला मोकळीक व निकाल या दोन्हींनी गुणतात. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. मोकळीक शून्य असेल तर बाकी चारही कितीही चांगली असोत, उत्तर शून्यच येतं. खरं आयुष्य इतकं काटेकोर गणितानं चालत नाही हे मान्य, पण तुमच्या ऑपरेटरच्या कामाला ही पाच मोजमापं लावून बघा. सेटिंग, म्हणजे कामासाठी मशीन जुळवणं, सेटर करतो. प्रोग्रॅम वरून येतो. इन्सर्ट (टूलची बदलता येणारी धार) कधी बदलायचा ते सुपरवायझर सांगतो. जॉब (बनवलेला भाग) बरोबर की चूक ते क्वालिटीवाला ठरवतो, तेही दुसऱ्या दिवशी. ऑपरेटरच्या वाट्याला उरतं काय, तर लोड, अनलोड, सायकल स्टार्ट. त्यानं डोकं लावायचं म्हटलं तरी कुठे लावायचं?

आपल्या देशातलं या विषयावरचं सगळ्यात मोलाचं काम अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये झालं. दुर्दैवानं आपल्याकडच्या व्यवस्थापकांना ते फारसं माहीत नसतं. १९५३ ची गोष्ट. साराभाईंच्या या मिलमध्ये स्वयंचलित माग आले होते. यंत्रं नवी होती, कामाचा भार अभ्यास करून ठरवला होता, तरी उत्पादन अपेक्षेइतकं वाढेना आणि कापडातले दोष कमी होईनात. माणसं आणि काम यांच्या नात्याचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतले ए. के. राइस तिथे आले. त्यांनी पाहिलं, की एका शेडमधल्या दोनशेहून जास्त मागांवर तीसच्या आत-बाहेर माणसं आहेत, पण त्यांच्यात डझनभर वेगवेगळी कामं वाटलेली आहेत. विणकर वेगळा, बॉबिन भरणारा वेगळा, तुटलेले ताणे (उभे धागे) जोडणारा वेगळा, कापड वाहणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा, झाडू मारणारा वेगळा. प्रत्येकाकडे मागांची संख्या निरनिराळी. त्यामुळे एका विणकराला एका बॉबिनवाल्याचा पाऊण भाग, दुसऱ्याचा पाव भाग आणि जोडणाऱ्याचा आणखी कितवातरी हिस्सा मिळायचा. मागावर बिघाड झाला की दोष नेमका कोणाचा, हे सांगता यायचं नाही. आणि अमुक मागांचं कापड माझं आहे, असं म्हणणारा एकही माणूस शेडमध्ये नव्हता.

राइस यांनी सुचवलेली गोष्ट साधी होती. ठरावीक मागांचा एक समूह आणि त्या सगळ्याची जबाबदारी घेणारा एक छोटा गट. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. कामगारांनी ही कल्पना लगेच उचलली आणि गटात कोण कोण हे बहुतांशी आपापसांतच ठरवलं. उत्पादनाची कार्यक्षमता वाढली, दोष घटले. अर्थात सगळं सरळ रेषेत झालं नाही. सुरुवातीला वेगाच्या उत्साहात देखभाल मागे पडली आणि खराब कापडाचं प्रमाण चढलं. मग गट सावरले आणि घडी बसली. पुढे १९७० मध्ये टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर पुन्हा पाहणीला आले, तेव्हा एका शेडमध्ये ही पद्धत जवळजवळ तशीच टिकली होती. इतर ठिकाणी मात्र हळूहळू विरत गेली होती. माल बदलला, माणसं बदलली, नव्यांना कोणी शिकवलं नाही, आणि जुनी तुकड्यांची वाटणी परत आली. मी ज्या कारखान्यांत काम केलं तिथेही मोडण्याची कारणं जवळपास हीच असतात. रचना एकदा बसवली की कायमची बसली असं होत नाही.

टॅव्हिस्टॉकच्याच एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांनी १९५१ मध्ये इंग्लंडच्या कोळसा खाणींबद्दल हेच लिहिलं होतं. पूर्वी दोन-तीन जणांचं टोळकं कोळसा काढण्याचं अख्खं काम करत असे. यंत्रं आली आणि तेच काम तीन पाळ्यांत, चाळीस-पन्नास माणसांत तुकडे करून वाटलं गेलं. यंत्र चांगलं होतं, पण एका पाळीचा राहिलेला घोळ दुसऱ्या पाळीच्या गळ्यात पडायला लागला, गैरहजेरी वाढली, एकमेकांवर ढकलणं वाढलं. तुमच्याकडे पहिली पाळी ‘सेटिंग बिघडवून गेली’ म्हणून दुसरी पाळी ओरडत असेल, तर हा तोच आजार आहे.

आता माझ्या अनुभवातलं एक उदाहरण जरा जवळून दाखवतो, म्हणजे कल्पकता कुठे दडलेली असते ते कळेल. एका कारखान्यात एक हाउसिंग, म्हणजे आतले भाग धरून ठेवणारं धातूचं कवच, बनत असे. मधलं बोअर (मोठं गोल भोक) पूर्ण फिनिश करायचे आणि मग बाजूनं एक आडवं भोक पाडायचे. ड्रिल बोअरमध्ये बाहेर पडलं की आतल्या कडेला बर, म्हणजे धातूची धारदार कोर, यायची. बर काढायला शेवटच्या टेबलावर बायका बसायच्या, हातात डीबरिंगचं टूल घेऊन, आत बोट घालून. त्यातल्या एका मावशींना वर्षानुवर्षांच्या सवयीनं बर नेमकी कुठे, किती आणि कोणत्या बाजूला येणार हे न बघता सांगता यायचं. ड्रिल बोथट झालं की त्यांना मशीनवरच्या माणसाआधी कळायचं, कारण बर जाड व्हायची. पण मशीन शेडच्या दुसऱ्या टोकाला. त्यांचा आणि ऑपरेटरचा कामापुरताही संबंध नव्हता.

आम्ही त्या पार्टपुरती दोन टर्निंग मशीन, एक व्हीएमसी (भोकं पाडणारं, मिलिंग करणारं संगणकी मशीन), डीबरिंगचं टेबल आणि तपासणीचे गेज, असं सगळं एका कोपऱ्यात आणलं आणि पाच जणांचा गट केला. मावशी आयुष्यात पहिल्यांदा मशीनच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि कोणतं ऑपरेशन कशानंतर होतं ते त्यांनी पाहिलं. दोन-चार दिवसांत त्यांनी ऑपरेटरला विचारलं, “आधी भोक पाडून मग आतून फिरवलं तर बर त्यातच निघून जाणार नाही का?” म्हणजे रफ बोअर, मग आडवं भोक, आणि फिनिश बोअर शेवटी. ऑपरेटरनं इंजिनिअरला बोलावलं, क्रम बदलून दहा-वीस जॉब काढून बघितले. बोअरच्या आतली बर जवळजवळ संपली. भोकाच्या कडेला जी बारीकशी राहायची ती एका हातानं निघत होती. डीबरिंगचा वेळ इतका उतरला की मावशी गेज घेऊन तपासणीही करू लागल्या. ही कल्पना काही अलौकिक नाही, कोणत्याही प्रोसेस इंजिनिअरला सुचू शकते. पण इंजिनिअरला बरीचा त्रास नव्हता आणि मावशींना क्रम माहीत नव्हता. त्रास आणि माहिती एका जागी आल्याबरोबर उपाय निघाला. याच कारखान्यात सूचनापेटी होती आणि तीही रिकामीच असायची.

इथे एक धोक्याची सूचना. ‘कामात वैविध्य आणा’ म्हटलं की बरेच मालक एका ऑपरेटरला तीन मशीन देतात आणि त्याला मल्टिस्किलिंग म्हणतात. हर्झबर्ग यांनी याला शून्यात शून्य मिळवणं म्हटलं होतं. एका मशीनवर लोड-अनलोड कंटाळवाणं होतं, आता तीन मशीनवर तेच आणि घाम तिप्पट. पगार तोच. कामगाराला हे पहिल्या तासात कळतं आणि नंतर तुम्ही कितीही चांगली योजना आणली तरी तो तिच्याकडे संशयानंच बघतो. त्याच्या कामात सेटिंग आलं पाहिजे, ऑफसेट देणं (मापात बारीक फेरफार करणं) आलं पाहिजे, पहिला जॉब स्वतः तपासून पास करणं आलं पाहिजे, आणि त्याप्रमाणे त्याची ग्रेड वाढली पाहिजे. जास्त जबाबदारी आणि जुनाच पगार हे गणित कोणत्याही सिद्धांतात बसत नाही. आणखी एक, सगळ्यांनाच हे हवं असतं असंही नाही. काहींना नेमून दिलेलं काम करून वेळेवर घरी जायचं असतं, घरी आजारपण असतं, शेती असते. अशा माणसांना त्यांच्या जागी राहू द्या. हॅकमन आणि ओल्डहॅम यांनीही हा फरक मान्य केला होता.

दुसरा मुद्दा नजरेचा. तुमच्याकडे सीसीटीव्ही आहे का, असल्यास तो कोणाच्या मोबाइलवर दिसतो, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण आपल्या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांत मालक गाडीतून जाता जाता लाइन बघत असतात आणि फोन करतात, “दोन नंबरच्या मशीनवर कोणी का नाही?” याबद्दल ईथन बर्नस्टीन यांचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मी प्रत्येक मालकाला सांगतो. दक्षिण चीनमध्ये मोबाइल फोन बनवणारा एक प्रचंड कारखाना होता. सगळी लाइन उघडी, सगळं सगळ्यांना दिसणारं. त्यांनी काही विद्यार्थिनींना साध्या कामगार म्हणून लाइनवर बसवलं. त्यांना कळलं, की कामगारांकडे काम लवकर आणि चांगलं करण्याच्या कितीतरी युक्त्या आहेत. त्या एकमेकांना शिकवतात, आळीपाळीनं एकमेकांच्या जागी बसून सगळी लाइन शिकून घेतात. पण साहेब जवळ आला की सगळे नियमावलीप्रमाणे हळू, सरळ काम करायला लागतात. नियमाबाहेरचं दिसलं तर समजावत बसावं लागेल, कदाचित बोलणी खावी लागतील, त्यापेक्षा लपवलेलं बरं. मग काही लाइनभोवती पडदा लावून बघितला. पडद्याआडच्या लाइनचं उत्पादन दहा-पंधरा टक्क्यांनी वाढलं. आळशीपणा वाढेल अशी भीती होती, झालं उलट. यात पडदा एकट्या माणसाभोवती नव्हता, हेही ध्यानात घ्या. गटातल्या सगळ्यांना एकमेकांचं काम दिसत होतं. बाहेरच्याची नजर तेवढी अडवली होती. म्हणून माझा सल्ला असा, की कॅमेरे गेटवर, स्टोअरमध्ये, आग-अपघाताच्या जागी असू द्या. एकेका माणसाच्या हातावर रोखलेले काढा, निदान तुमच्या मोबाइलवरून तरी काढा.

यावर लगेच पुढचा प्रश्न येतो, मग शिस्तीचं काय? ऑटोचा पार्ट आहे, ग्राहकाचं ऑडिट आहे, प्रत्येकानं मनाला येईल तसं करून कसं चालेल? चालणार नाही हे खरंच आहे. पण ठरलेली पद्धत आणि कल्पकता यांचं भांडण आहे असं मानण्याची गरज नाही. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. तिथली गैरहजेरी वीस टक्क्यांच्या घरात होती. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच कारखाना पुन्हा सुरू झाला आणि घेतलेली माणसं बहुतांश जुनीच होती. काम सेकंदासेकंदाला बांधलेलं होतं, पूर्वीपेक्षाही जास्त. तरी गैरहजेरी तीन-चार टक्क्यांवर आली. पॉल ॲडलर यांनी त्या कारखान्याचा अभ्यास केला, त्यात एक महत्त्वाचा फरक दिसतो. पूर्वी स्टॉपवॉच घेऊन वरचा इंजिनिअर यायचा. आता ते स्टॉपवॉच कामगारांच्या गटाच्या हातात होतं. आपल्या कामाची पद्धत ते स्वतः मोजून, लिहून काढत आणि जास्त चांगली सापडली की बदलत. तुमच्या मशीनवर लॅमिनेशन करून लटकवलेली कामाची पद्धत कोणी लिहिली आहे? वरच्या मजल्यावर बसून कोणी लिहिली असेल, तर ती ऑडिटरसाठी आहे, कामासाठी नाही. ती गटाकडून पुन्हा लिहून घ्या. इंजिनिअरनं तपासावी, सही करावी, तारीख टाकावी. बदलायची असेल तर हाच मार्ग पुन्हा वापरायचा.

उलट टोकही तितकंच वाईट, हे सांगायला तारापूरचं उदाहरण घेतो. तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांत निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. बऱ्याच कारखान्यांत दोषांची रोजची नोंदच नव्हती, सुताचा साठा अस्ताव्यस्त होता, देखभालीचं वेळापत्रक नव्हतं. सल्लागारांनी साध्यासाध्या गोष्टी बसवल्या. रोज दोष लिहायचे, रोज त्यावर बसून बोलायचं, साठ्याची मांडणी करायची. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. माझ्या दृष्टीनं यातली शिकवण निकाल दिसण्याची आहे. निकाल कुठे लिहिलेलाच नसेल तर नुसत्या मोकळिकीला अर्थ नाही. प्रत्येक गटाच्या डोळ्यांसमोर एक फळा हवा. आज किती चांगले, किती रिजेक्ट, कोणत्या कारणानं, आणि ग्राहकाकडून काय आलं. ग्राहकानं पाठवलेला खराब पार्टचा फोटो क्वालिटी मॅनेजरच्या व्हॉट्सअपवर राहता कामा नये, त्याच दिवशी फळ्यावर लागला पाहिजे.

फळा सुरू केलात की पहिले काही आठवडे रिजेक्शन वाढलेलं दिसेल. घाबरू नका. ते पूर्वीही होतंच, फक्त स्क्रॅपच्या ढिगात खाली ढकललं जात होतं. एमी एडमंडसन यांना रुग्णालयांच्या अभ्यासात असंच आढळलं होतं, की ज्या विभागांत संघभावना चांगली, त्यांच्या चुकांच्या नोंदी जास्त. कारण तिथले लोक चुका न भिता सांगत होते. म्हणून त्या काळात ओरडायचं नाही, हा नियम तुमच्यासाठी आणि तुमच्या मॅनेजरसाठी. पहिला लाल आकडा लिहिणाऱ्याला बोलणी बसली की दुसऱ्या दिवसापासून फळा खोटा होतो आणि नंतर तो कधीच खरा होत नाही.

बक्षिसांबद्दल. ‘प्रत्येक सूचनेला दोनशे रुपये’ असं काही करण्याच्या विचारात असाल तर थांबा. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काही दिवसांनी मोकळ्या वेळात ही मुलं बाकीच्यांपेक्षा कमी चित्रं काढताना दिसली. ज्यांना न सांगता अचानक प्रमाणपत्र मिळालं, त्यांची आवड कमी झाली नाही. कारखान्यात सूचनेला भाव लावला की पेटी भरते हे खरं, पण ‘बाथरूममध्ये आरसा लावा’ अशा चिठ्ठ्यांनी भरते. सूचनेचं खरं बक्षीस ती अमलात येणं हे आहे, तेही लवकर. गटाला महिन्याला थोडी रक्कम स्वतःच्या सहीनं खर्च करायला द्या, फिक्स्चरची (जॉब पकडणाऱ्या साधनाची) किरकोळ दुरुस्ती, एखादा रॅक, गेजचा स्टँड एवढ्यापुरती. परवानगी मागायला लागूच नये. मोठी गोष्ट असेल तर आठवड्याच्या आत हो किंवा नाही, आणि नाही असेल तर कारणासकट. मोठी बचत झाली तर तिचा वाटा अख्ख्या गटाला द्या, एकट्याला नको. भिंतीवरचा एकट्याचा फोटो मला पटत नाही, त्यानं शेजारचे चार जण गप्प होतात.

वरच्या मजल्यावरच्या आठ इंजिनिअरांचा आजार निराळा आहे. त्यांच्या कामात वैविध्य आहे, कौशल्य आहे. त्यांचा वेळ मात्र तुकडे तुकडे झालेला असतो. तेरेसा अमाबिले यांनी नोकरदारांच्या रोजनिश्यांवर बरीच वर्षं काम केलं. वेळेचा अतोनात ताण असलेल्या दिवशी माणसांनी कल्पक विचार करण्याची शक्यता ४५ टक्क्यांनी कमी असल्याचं त्यांना आढळलं. गंमत म्हणजे त्या दिवशी आपण फार कल्पक होतो असं माणसांना स्वतःला वाटत असे. पुढे २३८ जणांच्या सुमारे १२ हजार नोंदींतून त्यांना असंही दिसलं, की माणसाचा दिवस चांगला जाण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे अर्थपूर्ण कामात थोडीशी तरी प्रगती होणं. त्यांनी ६६९ व्यवस्थापकांना विचारलं, तर प्रगतीला पहिला क्रमांक देणारे फक्त ५ टक्के निघाले. म्हणून इंजिनिअरांची सकाळ मोकळी ठेवा. अकरापर्यंत त्यांना कोटेशनसाठी, ग्राहकाच्या फोनसाठी, फ्लोअरवरच्या आगी विझवायला कोणी उठवायचं नाही. आणि कृपा करून रात्री दहाला ग्रुपवर ‘उद्या सकाळी लागेल’ असं टाकू नका.

त्यांच्यासाठी दुसरी गोष्ट म्हणजे त्यांना ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर न्या, तुमचा पार्ट गाडीत बसताना बघू द्या. ॲडम ग्रँट यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या काही जणांना, त्या पैशांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी पाचच मिनिटं भेटवलं. महिन्याभरानं ते फोनवर पूर्वीच्या दुपटीहून जास्त वेळ देत होते. पार्ट कुठे जातो हे फ्लोअरवरच्या लोकांनाही दाखवा. डीबरिंगच्या मावशींना तर नक्कीच.

सगळ्यात अवघड जागा सुपरवायझरची, आणि बहुतेक प्रयोग इथेच बुडतात. आजवर त्याचा मान कशात होता? सगळं त्याला माहीत, त्याच्या शब्दाशिवाय इन्सर्ट हलत नाही. तुम्ही गटाला अधिकार दिलात की त्याला वाटतं आपली खुर्ची गेली. तो उघड विरोध करणार नाही. फक्त महिन्याअखेर डिस्पॅचची घाई आली की तो गट मोडून माणसं इकडून तिकडे हलवेल आणि म्हणेल, “मॅडम, प्रॉडक्शन बघू की हे बघू?” त्यामुळे त्याचं नवं काम आधी ठरवा आणि कागदावर द्या. गटाच्या आतलं गट बघेल. गटाच्या बाहेरचं ते सगळं सुपरवायझरचं. माल वेळेवर येणं, टूल मिळणं, मेंटेनन्सला बोलावणं, दोन पाळ्यांमधली देवाणघेवाण, नव्या मुलाला शिकवणं. त्याच्या कामाची पारख त्याच्या गटांतले किती जण सेटिंग शिकले यावर करा. आणि ही चर्चा गट करायच्या आधी त्याच्याशी करा. बातमी त्याला फ्लोअरवरून कळली तर तो कायमचा दुरावतो.

कंत्राटी निम्म्यांबद्दल मला स्पष्ट बोललं पाहिजे. काही महिन्यांनी बदलायचंच आहे अशा मुलाकडून कल्पना मागणं मला योग्य वाटत नाही. त्याला माहीत असतं, की आपण सुचवलेली बचत झाली तेव्हा आपण गेटबाहेर असू. शेजारी तेच काम करणाऱ्याचा पगार जास्त, कॅन्टीनचं कूपन वेगळ्या रंगाचं, बस वेगळी. हे तसंच ठेवून गटभावना येत नाही. ज्या कोपऱ्यात गट कराल तिथले कंत्राटी तरी कायम करा, निदान लांब मुदतीवर घ्या. कूपन, बस, बूट सगळ्यांना सारखे. खर्च वाढेल. पण नव्या माणसाला शिकवण्याचा, त्याच्या हातून होणाऱ्या स्क्रॅपचा आणि मशीनच्या टक्करीचा हिशेब एकदा मांडून बघा. माझ्या पाहण्यात तो खर्च कोणीच धरत नाही.

चाकणला गेलेल्या तिघांना फोन करा. नोकरीवर परत बोलवायला नको, फक्त विचारायला, की तिथे काय करायला मिळतं जे इथे मिळत नव्हतं. पगार हे उत्तर आधी येईल, कारण ते सांगायला सोपं असतं. थोडं थांबा आणि पुन्हा विचारा. पुष्कळदा पुढचं वाक्य ‘तिथे सेटिंग शिकवतात’ असं काहीतरी येतं.

सुरुवात एकाच पार्ट-फॅमिलीपासून, म्हणजे एकसारख्या पार्टच्या संचापासून, करा, जिचा माल वर्षभर चालतो आणि जिच्यात रिजेक्शन त्रासदायक आहे अशा. पाच-सहा जण, सगळी ऑपरेशन जवळजवळ, एक फळा, छोटी रक्कम, ठरलेला इंजिनिअर. बाकीचा कारखाना आहे तसा चालू द्या. मोजायचं काय, तर ग्राहकाकडचं रिजेक्शन, न सांगता घेतलेल्या रजा, आणि गटानं स्वतः केलेले बदल. किती सूचना आल्या हे मोजू नका. पाळ्या, ग्रेड किंवा माणसांची संख्या बदलणार असेल तर कामगार कायद्यातली २१ दिवसांची बदलाची नोटीस लागते का, हे आधी तुमच्या सल्लागाराकडून बघून घ्या. युनियन असेल तर नोटिशीच्याही आधी चहावर बोला. युनियनचे लोक या कल्पनेच्या विरोधात असतात हा समज मला बऱ्याचदा चुकीचा आढळला. माणसं कमी होणार नाहीत हे लेखी मिळालं की त्यांचेच लोक गटात पुढे असतात.

मुहूर्ताबद्दल एवढंच, की दिवाळीच्या तोंडावर नको, तेव्हा सगळ्यांचं लक्ष बोनसकडे असतं आणि नवी गोष्ट बोनसशी जोडली जाते. मार्चमध्ये तर मुळीच नको, वर्षाअखेरच्या डिस्पॅचमध्ये गट पहिल्याच आठवड्यात मोडेल. दिवाळीची सुट्टी संपवून गावाकडची माणसं परत आली, की त्या आठवड्यात मशीन हलवा. म्हणजे गटाला घडी बसवायला फेब्रुवारीपर्यंत वेळ मिळतो, आणि मार्चची गर्दी येईल तेव्हा सुपरवायझरला त्यांना हलवावंसं वाटणार नाही, कारण त्याचा सगळ्यात भरवशाचा माल त्याच कोपऱ्यातून निघत असेल.